बिऱ्हाड कोठे असावे?

आपल्या नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत बरी जमीन बाळगणाऱ्या शेतकरी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न घरोघर निघतो. मुलेबाळे गावी वाढवावीत की शहरी न्यावीत, हा तो प्रश्न होय. कोणी पुण्यास जाऊन दोन खोल्यांत संसार मांडतो. कोणी लातुरास किंवा नांदेडास बायको व मुले ठेवून स्वतः गावी शेत पाहतो. आणि ज्यास यांपैकी काहीच साधत नाही, तो आपण मुलांचे नुकसान करीत आहो अशा समजुतीने मनातल्या मनात झुरतो. महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करताना शेकडो घरांच्या वाटण्या, खरेदीखते व वारसनोंदी माझ्या हाताखालून गेल्या. त्या कागदांवरून आणि त्या कागदांमागील घरांवरून माझे जे मत बनले, ते शेतकरी बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ते मत थोडक्यात असे. शहर चांगले की खेडे चांगले, हा वादच निष्फळ होय. आईबापांचा उद्योग जेथे असेल तेथे बिऱ्हाड असावे, आणि मुलाचे बालपण त्याच बिऱ्हाडात जावे. मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले म्हणजे त्याने विद्येमागे खुशाल दूर जावे. परंतु त्याच्यामागे सगळ्या घराने जाऊ नये.

हा प्रश्न आपल्याकडे इतका तीव्र का झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण त्याचे माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास वरचे शिक्षण घ्यावयाचे तर घर फार मागे टाकून परमुलखात राहावे लागे, आणि ते थोड्यांसच साधे. १९२१ साली हिप्परगा येथे निघालेल्या राष्ट्रीय शाळेचे नाव जुनी माणसे आजही आदराने घेतात, ते याचसाठी की ती शाळा खेड्यात निघाली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यावर मात्र विद्या पायापायाने आपल्याजवळ येऊ लागली. १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६१ मध्ये लातुरास दयानंद महाविद्यालय, १९७० मध्ये तेथेच राजर्षी शाहू महाविद्यालय, १९८२ मध्ये लातूर जिल्ह्याची स्थापना, १९९४ मध्ये नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, असा हा क्रम आहे. पुढे कसून सराव आणि वरचेवर चाचण्या यांवर उभारलेल्या अभ्यासपद्धतीस 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले, आणि राज्यातील दूरदूरची मुले वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी लातूर-नांदेडास येऊ लागली.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. विद्या दूर होती तेव्हा एकटा मुलगा घराबाहेर पडत असे आणि घर गावी राहत असे. विद्या पन्नास कोसांवरून दहा कोसांवर आली, तेव्हा घरच उठून तिच्यामागे जाऊ लागले. आणि तेही अकरावी-बारावीच्या मुलासाठी नव्हे, तर पहिली-दुसरीच्या लेकरासाठी.

शहराच्या बाजूने जे बोलले जाते, ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. रात्री अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला मनुष्य यांस इस्पितळ किती कोसांवर आहे, यावर जीव वाचणे न वाचणे अवलंबून असते. खेडे शांत असते म्हणून ते निर्धोक असते, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी व भोवतालच्या गावांत जड दगडामातीच्या भिंती आणि माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले व ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. शांततेविषयी आणखी एक गोष्ट आपण जमीनवाल्यांनी विसरू नये. जी शांतता आपणांस गोड वाटते, ती गावकुसाबाहेरच्या माणसास तशीच वाटत होती काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत गावगाड्यावर जी कठोर टीका केली, ती अनुभवाच्या आधाराने केली होती. ज्यास गावात मान नव्हता व जमीनही नव्हती, त्याने शहराची वाट धरली तर ती त्याची सुटका होती. माझा लेख त्याच्यासाठी नाही. ज्याच्या नावे सातबारा आहे, ज्याचा गावात शब्द चालतो आणि तरीही जो मुलांच्या नावाने गाव सोडू पाहतो, त्याच्याशी मला बोलावयाचे आहे.

प्रथम हिशोब पाहू. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन येते. आपण पाच एकर कोरडवाहूचा धनी घेऊ. त्याने सर्व रानात सोयाबीन पेरले, हंगाम साधला आणि एकरी ७ क्विंटल उतारा पडला असे धरू. ३५ क्विंटल माल झाला. सन २०२५-२६ साठी सरकारने ठरविलेला किमान आधारभूत भाव क्विंटलास ५,३२८ रुपये होता. त्या भावाने १,८६,४८० रुपये झाले. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी व मजुरी यांस निम्मी रक्कम लावली तर ९३,२४० रुपये उरतात. आता लातुरात दोन खोल्या घेतल्या आणि भाडे महिना ६,००० रुपये धरले, तर वर्षाचे ७२,००० रुपये झाले. शिल्लक राहिली २१,२४० रुपयांची. शिकवणीचे शुल्क, किराणा, दूध, वीजबिल आणि दर आठवड्याचे जाणेयेणे यांपैकी काहीही मी अजून धरलेले नाही. रब्बीच्या हरभऱ्याने थोडा हातभार लागेल, हे खरे. पण आधारभूत भाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असे नाही. आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एका शेताच्या उत्पन्नावर दोन चुली चालविणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने आपल्या वहीत मांडून पाहावे.

हा तोटा वहीत मावेनासा झाला म्हणजे तो सातबाऱ्यावर उतरतो. माझ्या पाहण्यात त्याचा क्रम बहुधा एकच असे. पहिल्या वर्षी गडी ठेवून शेती होते. मालक आठवड्यातून दोनदा येतो. पुढे शेत बटईने जाते, मग ठोक्याने. बटईदार दुसऱ्याच्या रानात शेणखत कशास टाकील? बांधबंदिस्ती ढासळते, विहिरीतील गाळ निघत नाही, शेजाऱ्याचा धुरा दरसाल वीतभर पुढे सरकतो आणि मोजणीचा अर्ज येतो. मग सोसायटीचे कर्ज थकते, आणि अखेरीस रस्त्याकाठचा, म्हणजे सर्वांत मोलाचा तुकडा विक्रीस निघतो. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतात उभे राहून पिकाची नोंद करावयाची असते. धनी शहरात राहिला की ती नोंद राहून जाते, आणि अतिवृष्टीची मदत मिळण्याची वेळ आली म्हणजे धावाधाव होते. जमीन धन्याचे पाऊल ओळखते, असे जुनी माणसे म्हणत. हल्ली सरकारी दप्तरही ते ओळखू लागले आहे.

आता मुलाचे पाहू, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी म्हणूनच चाललेला असतो. लहान मुलास शाळेइतकीच दुसरी एक गोष्ट हवी असते. आपल्या घरात पैसा कोठून येतो, त्यासाठी कोण राबते आणि पाऊस लांबला म्हणजे घरातील माणसे कशी वागतात, हे त्याच्या डोळ्यांस दिसले पाहिजे. शेतकऱ्याचे मूल आखाड्यावर जाते, बाप पेरणीच्या वेळी आभाळाकडे का पाहतो ते पाहते, आई मजुरांचा हिशोब कसा चुकता करते ते ऐकते. हे शिक्षण कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. तेच मूल आईबरोबर शहरातील दोन खोल्यांत गेले, म्हणजे बाप त्यास शनिवारचा पाहुणा होतो. पैसा बापाच्या खिशातून येतो एवढेच त्यास कळते. तो रानातून येतो हे कळत नाही. असे मूल पुढे जमीन विकावयास कचरत नाही, यात त्याचा काय दोष?

आणि त्या माउलीचा विचार कोण करतो? गावी तिच्या अंगावर काम अधिक असते खरे. पण शेजार असतो, शेतात तिचा शब्द असतो, पैशाअडक्यास बचतगट असतो. शहरातील खोलीत मुलांचे डबे व शिकवणीच्या वेळा यांखेरीज तिचे असे काही उरत नाही. मुलास गुण कमी पडले तर त्याचा ठपका मात्र तिच्यावर येतो. इकडे म्हातारे सासूसासरे गावी एकटे पडतात आणि पुरुष हाताने भाकरी थापतो. एका घराचे तीन तुकडे होतात. वाटणीचा अर्ज कोणी देत नाही, पण वाटणी झालेली असते.

शहर हे कायमचे सुरक्षित ठिकाण आहे, हाही भ्रमच होय. मांजरा धरण आटले तेव्हा, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरात आली. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी तिने आणले. त्याआधी मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली होती. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा पुण्यामुंबईची माणसे मिळेल त्या वाहनाने, कित्येक तर पायी, मराठवाड्यातील आपल्या गावांकडे निघाली. ज्याचे गावी घर होते आणि घरामागे रान होते, त्यास उघडे दार मिळाले. ज्याने ते विकून टाकले होते, तो कोठे गेला असेल?

मी जो नियम सांगतो, तो मला स्वतःलाही सोपा नाही. माझा थोरला मुलगा चाकणकडे एका कारखान्यात नोकरीस आहे. सूनबाईही तिकडेच काम करतात. त्यांची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. नातीस इकडे गावी पाठवून द्यावी, आजीआजोबा तिला सांभाळतील, असे घरातील पुष्कळांचे मत आहे. आणि तिच्या आजीचे तर ते मत नसून ध्यासच आहे. मी त्यास नकार दिला. तिच्या आईबापांचा उद्योग पुण्याकडे आहे. ते दमून घरी येतात, भाड्याच्या खोलीत काटकसर करतात, हे तिने पाहतच मोठे झाले पाहिजे. सुट्टीत तिने येथे यावे, हुरडा खावा, विहिरीत पोहावयास शिकावे. त्याच मुलाने दोन एकर विकून तिकडे सदनिका घ्यावी असाही विचार काढला आहे. जमिनीत त्याचा हक्क आहे, ते मी नाकारीत नाही. पण नोकरी आहे तोवर भाडे परवडते, आणि नोकरी गेली तर जमीनच आधार देईल; सबब पाच वर्षे थांबावे, एवढेच मी त्यास सांगितले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

या नियमास अपवाद आहेत. कंधार-मुखेडच्या डोंगरी भागातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा उद्योगच फिरता असतो. त्यांच्या लेकरांनी फडावर जाऊ नये, हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे राहून शाळा करावी, हेच उचित होय. घरात दुर्धर दुखणे असेल व उपचार शहरातच मिळत असतील, तर तेथे नियम सांगत बसणे हा निर्दयपणा ठरेल. पण अपवाद दुसऱ्याचा असतो आणि त्याची ढाल आपण पुढे करतो, असे होऊ नये.

'मग गावच्या शाळेचे काय?' असे कोणीही विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालकांतून घ्यावयाचे असतात. म्हणजे गुरुजी वेळेवर येतात की नाही, वर्गात वाचन होते की नाही, हे विचारण्याचा अधिकार कायद्याने गावास दिला आहे. पण तो अधिकार कोण चालवील? ज्यास सभेत उभे राहून बोलता येते, अर्ज लिहिता येतो, तोच खातेदार आपले मूल घेऊन शहरात गेलेला असतो! मागे राहतात ती मजुरांची मुले. पट घटतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये सरकारातून पुढे आलाच होता. शाळा वाईट म्हणून आपण गेलो, की आपण गेलो म्हणून शाळा वाईट झाली, याचे उत्तर प्रत्येक गावाने आपल्याशी द्यावे.

खेड्यात चांगली शाळा होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्याने बिलोली तालुक्यातील सगरोळीस एकदा जाऊन यावे. तेलंगणाच्या सीमेजवळच्या त्या गावी १९५९ साली बाबासाहेब देशमुखांनी संस्कृति संवर्धन मंडळ स्थापिले. तेथे आज शाळा आहेत, सैनिकी विद्यालय आहे आणि कृषि विज्ञान केंद्रही आहे. एका जमीनदार घराण्यातील मनुष्याने गावी राहून विद्या गावी आणली, म्हणून हे झाले.

मुलींविषयी दोन शब्द निराळे लिहिणे जरूर आहे. मुलासाठी शहरात खोली घ्यावयाची आणि मुलीस मात्र दहावीनंतर घरी बसवावयाचे, असा पंक्तिप्रपंच अनेक चांगल्या म्हणविणाऱ्या घरांत चालतो. घरी बसलेल्या मुलीचे लग्न घाईने उरकले जाते, मग वयाचा कायदा काही सांगो. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. जमिनीत जिचा वाटा समान, तिचा विद्येत कमी का? शाळेत जाणाऱ्या मुलींस एसटीचा मोफत पास मिळतो, मानव विकासच्या निळ्या गाड्या त्यांच्यासाठीच धावतात. गाडी वेळेवर येत नसेल तर आगारप्रमुखाकडे दहा खातेदारांनी मिळून जावे. एका बिऱ्हाडाच्या वर्षभराच्या भाड्याहून ती खेप निश्चितच स्वस्त पडेल.

मिरचीचे रोप आपण गादीवाफ्यावर वाढवितो आणि पाच-सहा आठवड्यांनी ते उपटून रानात लावतो. कोवळेपणी उपटले तर ते मरते. वाफ्यातच ठेवले तर खुरटते. मात्र रोप लावावयाचे म्हणून वाफ्याची मातीही कोणी रानात वाहून नेत नाही. आठवी-दहावीपर्यंत मूल गावी किंवा तालुक्याच्या शाळेत असावे. पुढे त्याने लातूर, नांदेड, पुणे, वाटेल तेथे जावे, आणि आपण त्यास आनंदाने पाठवावे.

पाठवावे हे ठीक. पण सोळा वर्षांचे पोर परक्या शहरात कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे? आईबापांस खरी भीती हीच असते, आणि पुष्कळ बिऱ्हाडे केवळ या भीतीपोटीच हलतात. तिच्यावर उपाय आपल्याच इतिहासात आहे. लातूरच्या महाविद्यालयास ज्या राजर्षींचे नाव दिले आहे, त्या शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापिले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. खेड्यातील शेतकऱ्याने आपला संसार कोल्हापुरास आणावा, असे त्यांनी सांगितले नाही. मुलास आणले, त्याच्या अन्नाची व निवाऱ्याची सोय केली, आणि बाप आपल्या नांगरामागे राहिला.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आपल्यासारख्या शेतकरी संस्थांनी लातूर व नांदेड या दोन्ही ठिकाणी सभासदांच्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी एकेक वसतिगृह काढावे. मुलींचे वसतिगृह प्रथम काढावे. नफा न ठेवता प्रत्यक्ष खर्च तेवढा घ्यावा. धान्य, डाळ व तेल सभासदांनी आपापल्या घरून द्यावे, आणि देखरेखीस आळीपाळीने एकेक सभासद दांपत्याने आठवडाभर जाऊन राहावे. गावातील भूमिहीनांच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात; त्यांच्या कष्टावर आपली रास उभी राहते, हे आपण विसरता कामा नये. पंचवीस घरांनी खोल्यांच्या भाड्यापायी जो पैसा चालविला आहे, त्यात असे एक घर चालणे अवघड नाही.

येत्या वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी चालकांस विनंती आहे. सभासदांनीही सभेस येताना आपल्या मुलांची वये, त्यांच्या इयत्ता आणि सध्या शहरातील बिऱ्हाडावर होणारा वर्षाचा खर्च एका कागदावर मांडून आणावा, म्हणजे चर्चा नुसत्या मतांवर न होता आकड्यांवर होईल.